सॅम्पलची बॅग विमानात अडकली तर? आधी हा नियम समजून घ्या



मागच्या व्हिडिओत आपण परदेशातल्या प्रदर्शनात स्टॉल कसा घ्यायचा ते पाहिलं. त्यातला एक मुद्दा वेळेअभावी राहिला. तुम्ही पोचलात, पण सॅम्पलची बॅग पोचलीच नाही, तर काय?

माझ्या बाबतीत हे झालंय. दुबईत तीन दिवसांचं प्रदर्शन होतं आणि पैठणी पर्सची बॅग आली चौथ्या दिवशी! विमानतळावर मी तक्रारीची पावती घेतली होती. मला वाटलं, काम झालं. घरी आल्यावर दुकानाच्या गडबडीत लेखी क्लेम राहून गेला. बॅग मिळाल्यापासून सव्विसाव्या दिवशी ईमेल केला, तर उत्तर आलं, "मुदत संपली." स्टॉलचं भाडं गेलं ते गेलंच. चूक माझी होती, कारण नियम मला माहीतच नव्हता.

नियम कुठला?

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासासाठी १९९९ चा माँट्रियल करार आहे. त्याआधी १९२९ चा वॉर्सा करार होता. भारत २००९ मध्ये माँट्रियल करारात आला आणि आपल्या १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्यात तो जोडला गेला. यूएईसुद्धा या करारात आहे. म्हणजे मुंबई-दुबई प्रवासाला हाच नियम लागतो. मुंबई-दिल्लीसारख्या देशांतर्गत प्रवासाचे नियम वेगळे आहेत आणि तिथली मर्यादा खूपच कमी आहे.

किती पैसे मिळतात?

करारातली रक्कम एसडीआरमध्ये असते. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड यांच्यावरून त्याचा भाव ठरतो. बॅग हरवली, फुटली किंवा उशिरा आली, तर २८ डिसेंबर २०२४ पासून करारातली कमाल मर्यादा १५१९ एसडीआर आहे. रुपयांत धरलं तर ढोबळमानाने पावणेदोन ते दोन लाख.

इथे तीन गोष्टी नीट लक्षात घ्या:

१. ही मर्यादा प्रवाशामागे आहे, बॅगेमागे नाही. तुमच्या नावावर तीन बॅगा असल्या तरी मर्यादा एकच.

२. ही कमाल रक्कम आहे, फिक्स रक्कम नाही. नुकसान तुम्हाला सिद्ध करावं लागतं. बिल नसेल तर भांडायला हातात काही नाही.

३. उशीर झाला, पण कंपनीने तो टाळायला शक्य ते सगळं केलं होतं असं तिने सिद्ध केलं, तर ती सुटू शकते. मालातच मूळ दोष असेल आणि त्यामुळे नुकसान झालं असेल, तरीही तेच.

"माझी पाच लाखांची ऑर्डर गेली" म्हणून पाच लाख मागाल, तर साधारणपणे तीही मागणी याच मर्यादेत अडकते.

घड्याळ कधी सुरू होतं?

- बॅग फुटली किंवा माल खराब झाला: बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार.
- बॅग उशिरा आली: ती ताब्यात मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार.
- पोचायला हवी होती त्या तारखेपासून २१ दिवसांतही आली नाही: हरवली असं धरून भरपाई मागता येते.
- कोर्टात जायचं असेल तर २ वर्षांच्या आत.

विमानतळावरची पावती जपून ठेवाच, पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच दिवशी हॉटेलवरून ईमेल टाका. नेमका आकडा नंतर पाठवला तरी चालेल, पण तक्रार मुदतीत गेली पाहिजे.

मध्ये विमान बदललं असेल आणि दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत असतील, तर गोंधळू नका. चेक-इन बॅगेसाठी पहिल्या कंपनीकडे, शेवटच्या कंपनीकडे किंवा जिच्या प्रवासात घोळ झाला तिच्याकडे मागणी करता येते.

मग निघताना काय करायचं?

माल मर्यादेपेक्षा महाग असेल तर चेक-इनच्या वेळीच काउंटरवर त्याची जादा किंमत घोषित करण्याबद्दल विचारा. करारात तशी सोय आहे. कंपनी त्यासाठी जादा पैसे घेऊ शकते, पण मग घोषित रकमेपर्यंत जबाबदारी तिची. ते महाग पडत असेल तर विम्याचा कोट घ्या, मात्र धंद्याचा माल त्यात धरलाय का ते वाचून घ्या.

मी आता प्रत्येक बॅगेत थोडं थोडं सॅम्पल टाकते. चार उत्तम नग आणि कॅटलॉग केबिन बॅगेत ठेवते. बॅग बंद करण्याआधी मालाचा फोटो काढते, यादी आणि बिलं स्वतःलाच ईमेल करते. दहा मिनिटांचं काम आहे.

दुकानात माल आला की आपण मोजून घेतो ना? मग विमानात चढवतानाही मोजूनच द्या. बॅग वेळेवर येणं आपल्या हातात नाही, तारीख सांभाळणं आहे.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!