मोबिलिटी स्कूटरमधील विद्युतदोषांचे निदान

चालण्यात अडचण असलेल्या व्यक्तींची मोबिलिटी स्कूटर ब्रिटनमध्ये पदपथांवर नेहमी दिसते. तेथील 1988च्या नियमांप्रमाणे पदपथावर तिने ताशी 4 मैलांची, म्हणजे सुमारे 6.4 किलोमीटरची, वेगमर्यादा ओलांडायची नसते. कोठेही शंका येताच जागीच थांबावे अशी या वाहनाची रचना असल्यामुळे, दुरुस्तीला आलेली स्कूटर पुष्कळदा मोडलेली नसते, तर तिने चालण्यास नकार दिलेला असतो. तो नकार कोणत्या मंडलातून आला हे शोधणे म्हणजेच निदान.

बॅटरीतून मोटरकडे जाणारा प्रवाह नियंत्रित करणारा कंट्रोलर बिघाडाची सूचना दिव्याच्या लुकलुकण्यातून देतो, मात्र या संकेतांचे अर्थ उत्पादकागणिक बदलतात आणि त्यातून कळते ते मंडल, नेमका भाग नव्हे. ब्रेकच्या संकेतामागे जळलेली कॉइल असेल, तुटलेली वायर असेल किंवा स्कूटर हाताने ढकलण्यासाठी ओढलेला मागचा खटका तसाच राहिलेला असेल (हे कारण वाटते त्याहून बरेच सामान्य आहे). हा ब्रेक प्रवाह मिळाला की सुटतो आणि प्रवाह तुटताच स्प्रिंगच्या जोराने लागतो, त्यामुळे वेगाचा दांडा दाबताच मोटरपाशी ‘टक्’ असा आवाज आला, तर दांड्याचा संदेश कंट्रोलरपर्यंत पोचतो व ब्रेकची कॉइल शाबूत आहे असे धरून मोटर, तिचे कार्बन ब्रश आणि बॅटऱ्या यांच्याकडे वळता येते.

खरी फसगत बॅटऱ्यांपाशी होते. 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट मिळवलेले असतात, आणि जुनी बॅटरीही स्कूटर उभी असताना मल्टिमीटरवर 12.7 व्होल्ट दाखवू शकते, कारण मीटर जवळजवळ प्रवाह ओढतच नाही. प्लेटांवर सल्फेट साचून वाढलेला अंतर्गत रोध उघडा पडतो तो मोटर वीस-तीस अँपिअर मागू लागल्यावरच. चाके उचलून मोटर फिरवल्याने हा भार येत नाही. स्कूटर माणसासह चढावर चालवून दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज स्वतंत्रपणे पाहावे लागते, आणि एक 12च्या आसपास टिकून दुसरी 10च्या खाली घसरली, तर दोषी कोण हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही. तरीही बदलायची ती जोडीच, कारण नवी आणि जुनी बॅटरी एकाच चार्जरवर सारखी भरत नाहीत.

हीच कसोटी वायरांच्या जोडांना लागते. गंजलेल्या जोडाचा 0.025 ओहम रोध साध्या मीटरला पकडता येत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या वायरांचा रोध त्याहून जास्त असतो; परंतु 20 अँपिअर वाहत असताना त्याच जोडाच्या दोन टोकांत अर्धा व्होल्ट दिसतो आणि तेथे 10 वॅट उष्णता निर्माण होते, म्हणून जाणकार कारागीर मीटर लावण्याआधी जोडाचे प्लॅस्टिक कोठे तपकिरी पडले आहे का ते पाहतो. कंट्रोलर हा सर्वांत महाग भागांपैकी एक असल्याने त्याच्यावर दोष येतो तो या सगळ्यांची चौकशी संपल्यावर.