पपईचं पान आणि प्लेटलेटचा आकडा

पावसाळा सरता सरता शहरांतल्या सोसायट्यांमधली पपईची झाडं ओकीबोकी दिसू लागतात. कुणाच्या तरी घरी डेंग्यू असतो, प्लेटलेट दीड लाखावरून साठ हजारांवर आलेल्या असतात. पानं धुऊन, वाटून, फडक्यातून पिळून काढलेला कडूजार रस रुग्णाला नाक दाबून पाजला जातो. दोन-तीन दिवसांत आकडा वर सरकतो आणि श्रेय रसाला मिळतं.

हे श्रेय तपासायला हवं. मलेशियातल्या डॉक्टरांनी डेंग्यूच्या २२८ रुग्णांवर केलेली चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर ५० ग्रॅम ताज्या पानांचा रस रोज न्याहारीनंतर, तीन दिवस दिला. त्या गटाच्या प्लेटलेट अधिक वेगाने वाढल्या. तेव्हा पानात काहीच नाही, असं म्हणता येणार नाही. मात्र रस कोण घेतंय हे रुग्णांना आणि डॉक्टरांना ठाऊक होतं, आणि भर होता तो प्लेटलेटच्या आकड्यावर.

डेंग्यूत जीव जातो तो बहुधा वेगळ्याच कारणाने. ताप उतरू लागतो त्या सुमारास, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, केशवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर झिरपतो. रक्त घट्ट होतं, रक्तदाब ढासळतो. हा टप्पा ओलांडला की प्लेटलेट आपसूक वाढतात, रस घेतला काय किंवा न घेतला काय. सिंगापूर आणि मलेशियातल्या ३७२ प्रौढ रुग्णांचा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. या सर्वांच्या प्लेटलेट २० हजार किंवा त्याहून कमी होत्या, पण मोठा रक्तस्राव नव्हता. अशांना प्लेटलेट चढवूनही रक्तस्राव टळला नाही. उलट चढवलेल्यांमध्ये दुष्परिणाम जास्त दिसले. थेट शिरेतून प्लेटलेट भरून जे साधलं नाही, ते वाटीभर रसाने साधेल असं मानायला आधार काय?

मला खरी धास्ती वाटते ती उलटीची. सतत उलट्या आणि पोटदुखी ही डेंग्यू गंभीर होत असल्याची लक्षणं आहेत. या रसानेही मळमळतं, उलटी होते. ‘रसामुळे होतंय’ म्हणत घरचे थांबतात आणि मोलाचे तास निघून जातात. शिवाय डेंग्यूत यकृतालाही सूज येते; अशा वेळी मोजमाप नसलेला अर्क पाजणं शहाणपणाचं नाही.

पान तेच, पण मात्रा बदलली की परिणाम बदलतो. उकळत्या पाण्यातला ग्रीन टी सहसा निर्धोक असतो. त्याच पानांच्या अर्काच्या गोळ्यांतून ईजीसीजी हे द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक गेलं, तर यकृताची विकरं वाढू शकतात, असा निष्कर्ष युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली दिला. कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती का हे तपासलं नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. आक्षेप रास्त होता. पण वेल ओळखण्याची ती अडचण घरोघरी काढा उकळणाऱ्यांनाही आहेच.

म्हणून डॉक्टरांनी ‘आणखी काय घेता?’ असं विचारलं तर रस, काढा, चूर्ण सगळं सांगा. न विचारल्यास आपणहून सांगा. गर्भवती स्त्रिया, रक्त पातळ करणारी औषधं घेणारे आणि मधुमेही यांनी तर विचारल्याशिवाय हा रस घेऊच नये. आणि डेंग्यूचा ताप उतरल्यावर उलट्या, पोटदुखी किंवा ग्लानी आली तर पानं शोधत न बसता थेट रुग्णालय गाठा.