सातांपैकी दोन लक्षणं

इस्पितळात नवजात बाळाला जंतुदोष झाल्याचा संशय आला, की रक्त तपासायला जातं, छातीचा एक्स-रे निघतो, बालरोगतज्ज्ञ येऊन पाहतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९०च्या दशकात यातलं काहीच हाताशी नव्हतं. बाळंतपणं घरीच होत. बाळ दूध ओढेनासं होई, अंग गार पडे, आणि एक-दोन दिवसांत ते जाई. ते कशानं गेलं याची नोंदही कुठे होत नसे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं जे संशोधन केलं, त्याची सुरुवात या न झालेल्या नोंदीपासून आहे.

दोघंही नागपुरात वैद्यक शिकलेले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि १९८०च्या दशकाच्या मध्यावर गडचिरोलीत आले. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये राणीताईंचा अभ्यास आला: दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ टक्के. पुढे धानोरा रस्त्यावर चातगावजवळ ‘सर्च’चा परिसर, शोधग्राम, वसला. तिथल्या दवाखान्याला आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचं नाव आहे.

‘सर्च’नं मुलांच्या न्यूमोनियावरही काम केलं. त्याचं निदान म्हणजे मुख्यतः श्वास मोजणं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर धोका. पण गावातल्या अनेक सुइणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं, मनगटावर घड्याळ तर नव्हतंच. तेव्हा बंगांनी एक साधन बनवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी: एक तान्ह्या बाळांसाठी, एक त्याहून मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा, लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. यात सुइणीला सोपं काम दिलेलं नाही. डॉक्टर जे करतो तेच तिला करता येईल अशी सोय केली आहे, आणि हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

नवजात बाळांचा प्रश्न याहून अवघड होता. १९९३ पासून ३९ गावं कामासाठी आणि ४७ गावं तुलनेसाठी धरली. पहिली दोन वर्षं उपचारात काही बदल न करता सर्व गावांतले जन्म आणि मृत्यू घरोघर जाऊन मोजले. मग ३९ गावांत, पाचवी ते दहावी शिकलेल्या गावच्याच स्त्रियांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्यांनी आधी वर्षभर बाळंतपणाला हजर राहून आणि पुढचा महिनाभर घरी जाऊन ७६३ बाळांचं निरीक्षण केलं. निम्म्याहून अधिक बाळांना, ५४.४ टक्क्यांना, वैद्यकीय मदतीची गरज होती. डॉक्टरची नजर पडली होती फक्त २.६ टक्के बाळांवर.

या नोंदींतून निदानाची रीत निघाली. चोखणं कमी होणं किंवा थांबणं, रडणं क्षीण होणं, हातपाय लुळे पडणं, उलट्या किंवा पोट फुगणं, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, अंग गार लागल्याचं आईनं सांगणं, नाळेत पू होणं. यांपैकी कुठलीही दोन लक्षणं एकाच वेळी दिसली, की जंतुदोष समजून उपचार सुरू करायचा. एकाच लक्षणावर भिस्त ठेवली तर कितीतरी धडधाकट बाळांना सुई टोचली जाईल; तीन-चार लक्षणांची वाट पाहिली तर काही बाळं हातची जातील. दोन या आकड्यामागे हा हिशोब आहे. काही बाळांना विनाकारण औषध मिळेल, हे त्यात उघडपणे मान्य केलेलं आहे. जिथे चूक झाली तर मूल जातं, तिथे चूक कुठल्या बाजूची चालेल हे आधीच ठरवणं मला जबाबदारीचं वाटतं.

उपचार म्हणजे जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि कोट्रायमोक्साझोलचं तोंडावाटे औषध. शिवाय गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, वजन करणं, कमी दिवसांच्या बाळाला ऊब देणं. आरोग्यदूतांचं काम सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी या गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यू २५.५ झाले, तुलनेच्या गावांत ते ५९.६ होते. जंतुदोष झालेल्या शंभर बाळांपैकी आधी १६.६ जात, आता २.८. निष्कर्ष १९९९च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये आले.

हे आकडे विश्वासार्ह ठरले ते तुलनेच्या गावांमुळे. ती नसती, तर रस्ते झाले, पीकपाणी बरं झालं म्हणून मृत्यू घटले असं कुणीही म्हणू शकलं असतं. पण त्या तुलनेची किंमतही आहे. त्या ४७ गावांत आरोग्यदूत नव्हत्या आणि बाळं पूर्वीसारखीच जात राहिली. उपचार लागू पडतो की नाही हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ते समर्थनीय आहे असं मी मानतो. तरी ५९.६ हा आकडा वाचताना त्यातली घरं डोळ्यांपुढे येतातच.

२०११ साली केंद्र सरकारनं घरपोच नवजात सेवेचा कार्यक्रम देशभर आणला. बाळ दवाखान्यात जन्मलं तर गावातल्या आरोग्यसेविकेच्या, म्हणजे आशाताईंच्या, सहा गृहभेटी, घरी जन्मलं तर सात. वजनकाटा, तापमापक, धोक्याची लक्षणं, सगळं त्यात आलं. इंजेक्शन मात्र आशांच्या हाती आलं नाही. २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनी जेंटामायसिन देण्याचं काम परिचारिकेकडे, म्हणजे एएनएमकडे, सोपवलं. शिकवणं आणि देखरेख यांत ढिलाई झाली तर धोका आहे, ही भीती खोटी नाही. गडचिरोलीतही पंधरवड्याला डॉक्टर येऊन नोंदी पडताळत, तेव्हा ते काम चाललं. पण एएनएम उपकेंद्रात असते आणि तिच्याकडे अनेक गावं असतात. आरोग्यदूत त्याच गावात राहत होती. ज्या आजारात बाळ एका रात्रीत हातचं जाऊ शकतं, त्यात निदान करणारीच्या हाती औषधही असायला हवं, असं त्या ३९ गावांचे आकडे सांगतात. देखरेखीची तीच व्यवस्था जिथे उभी करता येत असेल, त्या जिल्ह्यांत तरी आशांना हे इंजेक्शन द्यायला शिकवायला हवं.