चार थेंब सीरम आणि अर्धा दिवस

सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गाने अवयव बिघडू लागलेल्या, रुग्णाचं २०० मायक्रोलिटर सीरम म्हणजे जेमतेम चार थेंब. तंत्रज्ञ काकांनी त्यात पाणी मिसळलं, सल्फ्युरिक आम्लाचा थेंब सोडला आणि मग मीठ टाकलं. साधं सोडियम क्लोराइड, तळाशी न विरघळता राहील इतकं. आम्लामुळे हवे असलेले रेणू, म्हणजे सीरममधली सेंद्रिय आम्लं, आपला विद्युतभार सोडतात, आणि खारं झालेलं पाणी त्यांना धरून ठेवत नाही. वरून इथर घालून नळी हलवली, सेंट्रिफ्यूजमधून काढली, की रश्श्यावर तर्री यावी तसा इथरचा थर वर आलेला. हवं ते सगळं त्या थरात.

"साहेब, हुडमध्ये डोकं घालू नका, गरगरतं," काका म्हणाले आणि तो थर पिपेटने उचलून दुसऱ्या नळीत घेऊ लागले.

पुढची पायरी नाजूक. इथर उडवायचं, पण नायट्रोजनचा झोत जास्त वेळ ठेवला तर हलकी आम्लंही त्याच्याबरोबर जातात. कमी ठेवला तर ओल राहते, आणि नंतर घालायचं बीएसटीएफए हे रसायन आम्लांना सोडून पाण्यावरच खर्ची पडतं. किती वेळ पुरे, हे काका घड्याळाकडे नव्हे, नळीच्या तळाकडे बघून ठरवतात. मग बीएसटीएफए घालून ८० अंशांवर तापवणं. त्याने आम्लांना सिलिकॉनचे गट चिकटतात. त्याशिवाय ही आम्लं धडपणे वाफ होऊन गॅस क्रोमॅटोग्राफच्या ३० मीटर लांब, पाव मिलिमीटर पोकळीच्या नळीतून जात नाहीत.

नळीच्या टोकाला मास स्पेक्ट्रोमीटर. पडद्यावर १९३ वस्तुमानाचा सुळका आला तो फेनिललॅक्टिक आम्लाचा, १७९चा हायड्रॉक्सिफेनिललॅक्टिकचा. बायोकेमिस्ट मॅडमना हे सुळके जुने ओळखीचे. या प्रयोगशाळेचं रोजचं काम तान्ह्या मुलांच्या लघवीतली सेंद्रिय आम्लं तपासण्याचं. हायड्रॉक्सिफेनिललॅक्टिक वाढलेलं दिसलं की टायरोसिनेमियाची किंवा यकृताच्या आजाराची शंका घ्यायची. त्याचंच भावंड असलेलं हायड्रॉक्सिफेनिलॲसेटिक दिसलं तर मात्र "आतड्यातल्या जंतूंचं असेल" म्हणून पुढे जायचं.

ज्याच्यावरून मॅडम पुढे जात, तिथेच मॉस्कोतला नतालिया बेलोबोरोदोव्हा यांचा गट थांबला. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या सीरममध्ये ही तिन्ही आम्लं वाढलेली असतात आणि त्यांची बेरीज जितकी जास्त तितका धोका मोठा, असं त्यांना आढळलं. निरोगी माणसाच्या रक्तात असणारं फेनिलप्रोपिऑनिक आम्ल या रुग्णांत मात्र जवळजवळ नाहीसं होतं. मला या आकड्यांमधला हा सर्वांत बोलका वाटतो. या गटाने लावलेला अर्थ असा : फेनिलॲलनिन आणि टायरोसिन ही अमिनो आम्लं आतड्यातले ऑक्सिजनविना जगणारे जंतू टप्प्याटप्प्याने मोडत शेवटापर्यंत नेतात. प्रतिजैविकांचा मारा झाला, आतड्याचा रक्तपुरवठा घटला, की ही साखळी मध्येच तुटते आणि अर्धवट राहिलेला माल रक्तात साचतो.

आतड्यातले जंतू रक्ताची रसायनं ठरवतात, ही कल्पना नवी नाही. पाश्चर इन्स्टिट्यूटमधले मेचनिकोव्ह गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच आतड्यातल्या विषांबद्दल बजावत होते आणि स्वतः आंबवलेलं दूध पीत होते. भक्कम पुरावा मात्र अलीकडचा. २००९ साली जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या रक्तात इंडोलप्रोपिऑनिक आम्ल सापडलं नाही. क्लॉस्ट्रिडियम स्पोरोजेनिस हा एकच जंतू त्यांच्या आतड्यात सोडल्यावर ते रक्तात आलं.

इतकं असूनही मॅडम सावध होत्या. ही आम्लं बाहेर टाकतं मूत्रपिंड, आणि सेप्सिसमध्ये तेही अनेकदा थकतं. मग आकडा चढला तो जंतूंमुळे की लघवी थांबल्यामुळे? मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन शेजारी ठेवल्याशिवाय या आकड्याला हात लावू नये, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटलं.

दुसरी अडचण घड्याळाची. सकाळी आलेल्या नमुन्याचा आकडा हाती येईपर्यंत दुपार उलटते. सेप्सिसमध्ये एरवी बघितलं जाणारं लॅक्टेट मात्र रुग्णाच्या खाटेजवळचं ब्लड गॅस यंत्र दोनेक मिनिटांत देतं. सेप्टिक शॉकच्या २०१६च्या व्याख्येत लिटरला २ मिलिमोलपेक्षा जास्त लॅक्टेट ही एक अट आहे, आणि डॉक्टर त्यावर लगेच हालचाल करू शकतात. लॅक्टेट सेप्सिसखेरीज इतर कारणांनीही वाढतं. शिवाय ते यंत्र फक्त एल-लॅक्टेट मोजतं. प्रामुख्याने जंतूंकडून येणारं डी-लॅक्टेट त्याला दिसतच नाही. तरी वेळेवर आलेला अपुरा आकडा उशिरा आलेल्या नेमक्या आकड्यापेक्षा आयसीयूत जास्त कामाचा. जंतूंनी अर्धवट सोडलेल्या या आम्लांचं मोजमाप मिलिमोलच्या हजाराव्या भागात, मायक्रोमोलमध्ये होतं. इतकं कमी प्रमाण पकडणारं, खाटेजवळ चालणारं यंत्र आधी हवं. वेगवेगळ्या रुग्णालयांत, मूत्रपिंड चांगलं असलेल्या आणि बिघडलेल्या अशा दोन्ही रुग्णांवर पडताळणी हवी. तोवर ही तपासणी संशोधनाच्या वहीतच राहावी. रुग्णालयाच्या दरपत्रकावर ती आत्ताच यावी असं मला वाटत नाही.