फाटीसाठी चेनसॉ घेताना

कोकणात पावसाळ्याच्या बेगमीची फाटी उन्हाळ्यात तोडून, वाळवून पडवीत रचली जाते. घरोघरी गॅस आला, तरी अंघोळीचे पाणी तापते ते बऱ्याच ठिकाणी लाकडावरच. पूर्वी कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत यांवर भागत असे. आता करवतीचे दुसरे टोक धरायला माणूस मिळत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा आंबे-फणस घरांवर आणि रस्त्यांवर आडवे झाले. चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, किती कामाची असते ते त्या दिवसांत कळले. आपणही ती घ्यायच्या विचारात असाल, तर दुकानात जाण्याआधी दोन-चार गोष्टी घरीच ठरवून निघा.

आधी आपले लाकूड बघा. अकेशिया, सुरू, काजूच्या छाटलेल्या फांद्या हे नेहमीचे सरपण वीतभर ते फूटभर जाडीचे असते. त्याला फार मोठे यंत्र लागत नाही. वादळात पडलेले जुने आंब्याचे बुंधे कापायचे असतील तर गोष्ट वेगळी, पण तसे काम रोजचे नसते. त्यासाठी भाड्याने माणूस आणि मशीन बोलावणे स्वस्त पडते. माडाचे खोड मात्र शक्यतो टाळा. ते दातांची धार झपाट्याने खाते आणि जळायलाही फारसे बरे नाही.

उभे झाड तोडायचे असेल तर आणखी एक गोष्ट. आंबा, फणस, जांभूळ, साग, ऐन, किंजळ अशा झाडांना, ती आपल्याच जमिनीत असली तरी, १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते.

आता वीज की पेट्रोल? लाकूड अंगणात आणून कापणार असाल तर वायरवर चालणारा विजेचा चेनसॉ घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे. साधारण २००० वॉटची मोटर घरगुती सरपणाला पुरते. धूर नाही, कार्ब्युरेटरची कटकट नाही, देखभाल निम्म्याने कमी. इथे लोक चुकतात ते वायरमध्ये. टेबलफॅनची बारीक एक्स्टेंशन वायर लांबवर ओढली, की मोटरला पुरेसा दाब मिळत नाही, ती गरम होते आणि शेवटी जळते. म्हणून जाड तांब्याची वायर वापरा आणि ती मोठ्या, म्हणजे १६ अँपिअरच्या सॉकेटला लावा. ओल्या अंगणात हे यंत्र चालवूच नका.

बॅटरीवरचे छोटे चेनसॉ फांद्या छाटायला छान असतात. वर्षाची फाटी त्यांच्या भरवशावर सोडू नका.

बागेत, रानात, विजेपासून लांब काम असेल तर पेट्रोलचे मशीन हवे. त्याची ताकद सीसीत सांगतात. सीसी म्हणजे इंजिनातल्या सिलिंडरचे आकारमान. सरपणासाठी ३५ ते ४५ सीसी आणि १६ इंची बार पुरे. बार म्हणजे जिच्या कडेने साखळी फिरते ती लोखंडी पट्टी. १६ इंच म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर. ओंडका दोन्ही बाजूंनी कापला तर याहून जाड लाकूडही उरकते. 'मोठा बार घ्या, कधीतरी लागेल' हा दुकानातला सल्ला ऐकू नका. लहान इंजिनावर लांब बार चढवला की साखळी लाकडात अडते, इंजिनाचा दम निघतो आणि आपली कंबरही दुखते.

ऑनलाइन पाच-सात हजारांत '५८ सीसी, २२ इंच' अशी मशीन दिसतात. नामांकित कंपनीचे त्याहून लहान यंत्र कितीतरी महाग असते, तेव्हा मोह होणारच. पण डब्यावरचा सीसीचा आकडा आणि आतले इंजिन यांचा मेळ दरवेळी बसेलच असे नाही. म्हणून ताकद किलोवॉटमध्ये किती लिहिली आहे ते विचारा. तुलनेला सांगायचे तर स्टिल कंपनीचे एमएस २५० हे मशीन ४५.४ सीसीचे आहे आणि त्याची ताकद २.३ किलोवॉट आहे.

दुकानात मशीन हातात घ्या. पुढच्या दांड्यासमोर एक उभी ढाल असते, तो चेनब्रेक. ती पुढे ढकलली की साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे. हा ब्रेक नसलेले किंवा नुसता नावाला असलेले मशीन फुकट मिळाले तरी नको. मग दांडे आणि इंजिन यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंग आहे का बघा. ते नसेल तर तासाभरात हाताला मुंग्या येतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचे. दुकानदाराला म्हणा, या मशीनची सुटी चेन, स्टार्टरची दोरी आणि एअर फिल्टर आत्ता दाखवा. दुरुस्ती कोण करतो, कुठे बसतो, तेही विचारा. भरवशाचा चेनसॉ म्हणजे ज्याचा सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळतो तो. सीसी आणि वॉट यांची चर्चा लोक तासभर करतात आणि हा प्रश्न विसरतात. मग दीडशे रुपयांच्या भागासाठी ऐन मे महिन्यात मशीन महिनाभर पडून राहते. सुटे भाग दाखवता आले नाहीत, तर पैसे खिशातच ठेवून घरी या.

मशीन घरी आले, आता इंधन. पेट्रोलच्या चेनसॉचे इंजिन टू-स्ट्रोक असते. त्यात इंजिनाच्या तेलाची वेगळी टाकी नसते, म्हणून पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. ज्यांनी लुना किंवा जुनी बजाज स्कूटर चालवली त्यांना हे टू-टी ऑइल ओळखीचे आहे. प्रमाण पुस्तिकेत दिलेले असते. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, २५ ला १ म्हणजे ४० मिली. अंदाजे ओतू नका, मापाची बाटली ठेवा आणि मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये हलवून मगच टाकीत भरा. मोटरसायकलचे साधे इंजिन ऑइल इथे चालत नाही. तेल जास्त झाले तर धूर येतो, प्लग काळा पडतो. तो साफ करता येतो. मात्र घाईत कोरे पेट्रोल भरले, तर पिस्टन ओरखडून इंजिन कायमचे जाम होऊ शकते. नवी मशीन मेकॅनिककडे जाण्याचे हे नेहमीचे कारण.

दुसरी टाकी साखळीच्या तेलाची. विजेच्या मशीनलाही ती असते, आणि पुष्कळांना हे ठाऊकच नसते. गाडीतून काढलेले काळे तेल यात ओतायची पद्धत आहे, ती सोडा. त्यातली घाण पंप बुजवते. तेल येते का हे पाहणे सोपे आहे. बारचे टोक सुक्या लाकडाच्या जरा वर धरून साखळी फिरवा. लाकडावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

साखळी चढवताना बारच्या वरच्या कडेवरचे दाते टोकाकडे तोंड करून हवेत. उलटी साखळी फिरते, धूर काढते, पण कापत नाही. ताण इतका ठेवा की ती बारला खालून चिकटलेली राहील, तरी हातमोजा घालून ओढली तर सहज सरकेल. हे मशीन बंद असतानाच करायचे. नवी साखळी थोड्याच वेळात सैल होते, तेव्हा पहिल्या दिवशी दोन-तीनदा तपासा.

कापताना बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकू देऊ नका. तिथे दात अडकला की मशीन क्षणात तोंडाकडे उसळते. चेनब्रेक आहे तो त्यासाठी. डावा अंगठा पुढच्या दांड्याखालून घट्ट वळलेला असू द्या. कान झाका, डोळ्यांना चष्मा लावा, पायात जाड बूट घाला. लुंगी, उपरणे, लोंबती ओढणी अजिबात नको. एकट्याने रानात जाऊ नका.

धार गेली हे लाकूडच सांगते. धारदार साखळी ढलप्या टाकते, बोथट झाली की पिठासारखा भुसा पडतो आणि मशीन दाबावे लागते. या दातांची आजची घडण अमेरिकेतल्या जो कॉक्स या लाकूडतोड्याची. लाकूड पोखरणाऱ्या अळीचा जबडा न्याहाळून त्याने १९४० च्या दशकात डावी-उजवीकडे कापणारे वाकडे दाते बनवले. धारेला गोल कानस लागते, बहुतेक लहान साखळ्यांना ४ किंवा ४.८ मिलिमीटरची. एका बाजूचे दाते आधी, मग दुसऱ्या बाजूचे, प्रत्येकावर सारखेच दोन-तीन हात, कानस फक्त पुढे ढकलत. एका बाजूला जास्त घासले तर काप तिरका जातो. जमिनीला साखळी लागली तर क्षणात धार जाते, म्हणून ओंडक्याखाली ओंडका ठेवा.

मिरग लागण्याआधी टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढते, आणि कोकणच्या पावसात चार महिने टाकीत राहिलेले पेट्रोल कार्ब्युरेटरचा रबरी पडदा खराब करते. साखळीला तेल लावून मशीन कोरड्या जागी ठेवा. दिवाळीनंतर काढाल, तेव्हा ताजे मिश्रण भरा.