जर्मनीत घर शोधताय? आधी ‘काल्ट’ आणि ‘वार्म’ समजून घ्या

नोकरीसाठी जर्मनीला निघालेल्यांनो, जाहिरातीत ठळक दिसणारं भाडं बहुतेकदा ‘काल्टमीटं’ असतं, म्हणजे नुसत्या जागेचं. हीटिंग, पाणी, कचरा धरून होतं ते ‘वार्ममीटं’. वीज आणि इंटरनेट सहसा त्यातही नसतं. हिशोब वार्मवरूनच करा.

डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त ३ महिन्यांचं काल्टमीटं, तेही ३ हप्त्यांत देता येतं. बंगळुरूत डिपॉझिट भरलेल्यांना हे स्वर्गच वाटेल! पण थांबा, रिकाम्या घरात कित्येकदा स्वयंपाकघरच नसतं. कपाटं, शेगडी, कधी सिंकसुद्धा आधीचा भाडेकरू उचलून नेतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘आनमेल्डुंग’. राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा, आणि त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. पगारासाठी लागणारा कर क्रमांक या नोंदणीनंतरच टपालाने येतो. त्यामुळे पहिल्या महिन्यापुरती तात्पुरती खोली घेतानाही विचारा, ‘इथे आनमेल्डुंग होईल ना?’

आणि ‘मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअर करतो’ म्हणणारा मालक भेटला, तर एक युरोही पाठवू नका.