गोष्ट सांगतंय कोण?

बचत गटाच्या बैठकीत 'तिनं हप्ता बुडवला' असं कानावर आलं की आपल्याला राग येतो. तीच बाई 'मी ते पैसे दवाखान्यात भरले' म्हणाली की राग निवळतो. कथेतही असंच होतं.

बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. त्याच नावाच्या कथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परगावी जात लपवून राहतो आणि ते सगळं स्वतःच सांगतो. 'त्यानं जात चोरली' असं दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर तो आपल्याला लबाड वाटला असता. तो 'मी' म्हणून बोलतो, तेव्हा त्याची भीती कळते. जगापासून लपवलेलं तो आपल्याला सांगतो, म्हणून विश्वास बसतो.

पण 'मी' म्हणणाऱ्याला दुसऱ्याचं मन दिसत नाही. स्वतःची चूक तो झाकूही शकतो. म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या आपल्या गावोगावच्या गटांत गोष्ट वाचताना आपण दोन प्रश्न विचारूया. सांगतंय कोण? आणि कुणाचं ऐकायचं राहिलं? चुकलेल्या हप्त्याचा निर्णयही त्यानंतरच घेऊया.